आधी गुणांचा हिशेब, मग रोबोट

शाळा-कॉलेजं सुरू झाली की अमरावती-अकोल्यातले विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक आणि पालक रोबोटिक्स स्पर्धेबद्दल विचारू लागतात, आणि दरवर्षी प्रश्न तेच असतात. किट कोणतं घ्यायचं? मोटर किती आरपीएमची? लेगो बरं की अर्डुइनो? पुण्या-मुंबईच्या मुलांकडे महागडं सामान असतं, त्यांच्यापुढे आपला निभाव लागेल का?

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, पण ती दुसऱ्या टप्प्यावरची आहेत. स्पर्धा कोणती, तिथे गुण कशाचे मिळतात आणि त्यातले कोणते गुण आपण सोडून देणार, हे कागदावर ठरवल्याशिवाय एकही स्क्रू विकत घेऊ नका. सामान आधी आणि डावपेच नंतर, या उलट्या क्रमामुळे आपल्याकडचे चांगले संघ मागे पडतात. पैसे कमी असणं हे त्यापुढे दुय्यम कारण आहे.

तुमच्यासाठी कोणती स्पर्धा?

वय, हाताशी असलेला वेळ आणि खर्च या तीन गोष्टी पाहून निवड करा.

- फर्स्ट लेगो लीग चॅलेंज: आपल्याकडे ९ ते १६ वयोगटासाठी. संघात जास्तीत जास्त १० मुलं. लेगोचेच भाग वापरावे लागतात, त्यामुळे सुरुवातीचा खर्च मोठा. पण तेच किट पुढची काही वर्षं पुरतं. २०२० च्या सुरुवातीला अकोल्याच्या मनुताई कन्या शाळेच्या मुलींचा संघ या स्पर्धेच्या राष्ट्रीय फेरीत खेळला. त्यामुळे ‘आपल्या गावात हे कुठे होतं?’ हा प्रश्न आता विचारायचं कारण नाही.
- वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड: २ किंवा ३ मुलांचा छोटा संघ. ‘रोबोमिशन’ प्रकारात सुरुवातीला रोबोट २५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीत बसला पाहिजे आणि फेरी २ मिनिटांची असते. स्पर्धेच्या दिवशी ऐनवेळी एक नवा नियम जाहीर होतो. म्हणजे ज्या मुलांना स्वतःचा प्रोग्राम स्वतः बदलता येतो, त्यांचीच ही स्पर्धा.
- ई-यंत्र रोबोटिक्स स्पर्धा: आयआयटी मुंबईची, २०१२ पासून चालणारी, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी. ४ जणांपर्यंत संघ. आधी संगणकावरच्या सिम्युलेशनचा टप्पा, त्यात निवडलेल्यांना पुढे प्रत्यक्ष रोबोटचं काम. खर्चाची चिंता असलेल्या घरातल्या मुलांनी आधी हिचाच विचार करावा.
- डीडी रोबोकॉन: दूरदर्शनची राष्ट्रीय स्पर्धा, विजेता संघ आशिया-पॅसिफिकच्या एबीयू रोबोकॉनमध्ये भारतातर्फे उतरतो. इथे मोठा संघ, लेथ-वेल्डिंगची सोय आणि कॉलेजचा खंबीर पाठिंबा लागतो. एका सत्रात उरकण्यासारखं हे काम नाही.
- कॉलेज फेस्टमधल्या स्पर्धा: लाइन फॉलोअर, रोबो रेस, रोबो सॉकर. बडनेरा, अमरावती, बाभूळगाव, शेगाव या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षी हात बसवायला हीच जागा योग्य.

एका वर्षी एकच मोठी स्पर्धा. दोन धरल्या तर दोन्हींचा सराव अर्धवट राहतो.

नियमावली कशी वाचायची

अख्ख्या संघाने एकत्र बसून, मोठ्याने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. एकाने वाचून बाकीच्यांना सांगायची पद्धत बंद करा. छापील प्रत घ्या आणि तीन रंगांची पेनं घ्या: गुण मिळवून देणाऱ्या वाक्यांखाली हिरवी रेघ, गुण कापणाऱ्या किंवा बाद करणाऱ्या वाक्यांखाली लाल, आणि ज्यांचा अर्थ लागत नाही त्यांखाली निळी. निळ्या रेघांची यादी करून आयोजकांना लेखी विचारा. हंगामभर नियमांत दुरुस्त्या आणि खुलासे येत असतात; ते दर आठवड्याला पाहण्याची जबाबदारी एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे नावानिशी द्या.

सावकाश वाचल्याचा फायदा किती, ते पाहा. फर्स्ट लेगो लीगमध्ये संघाला ६ ‘प्रिसिजन टोकन’ मिळतात. रोबोट अडकला आणि हाताने उचलावा लागला की एक टोकन जातं. सहाही शिल्लक असतील तर ५० गुण, आणि पाच शिल्लक असतील तरी ५०च. चारवर ३५, तीनवर २५. म्हणजे रोबोटला हात लावण्याची पहिली वेळ फुकट आहे, दुसरीला १५ गुण जातात. हे माहीत असलेला संघ रोबोट पहिल्यांदा अडकला की क्षणात उचलतो. माहीत नसलेला संघ टेबलाशी उभा राहून दहा-पंधरा सेकंद ‘निघेल, निघेल’ म्हणत बसतो. आकडे हंगामानुसार बदलू शकतात, म्हणून तुमच्या वर्षाचा तक्ता स्वतः तपासा.

गुणांचा हिशेब

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. लेगो लीगची फेरी १५० सेकंदांची असते. समजा तुमचा रोबोट तळावरून चार वेळा बाहेर पडणार आहे. मध्ये तीनदा पुढचं अवजार बदलायचं, दर वेळी १२ सेकंद. झाले ३६. हातात उरले ११४ सेकंद. तुमचं सगळं नियोजन या ११४ सेकंदांचं आहे.

आता प्रत्येक कामासमोर तीन आकडे लिहा: गुण किती, जाऊन-येऊन सेकंद किती, आणि दहा वेळा केल्यावर जमतं किती वेळा. उदाहरण घ्या. तळाजवळचं एक काम २० गुणांचं आहे, १२ सेकंदांत होतं आणि दहापैकी नऊदा जमतं. दुसरं काम पलीकडच्या कोपऱ्यातलं, ३० गुणांचं, ३५ सेकंद खातं आणि दहापैकी पाचदाच जमतं. पहिल्यातून सरासरी १८ गुण पदरात पडतात, म्हणजे सेकंदाला दीड. दुसऱ्यातून १५, म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून कमी. मुलांचं मन मात्र ३० गुणांच्या कामावरच जडतं, कारण ते दिसायला भारी असतं. शिक्षकांनी इथे आदेश देऊ नये. तक्ता फळ्यावर मांडावा आणि मुलांनाच ठरवू द्यावं.

दुसरा हिशेब साखळीचा. पाच कामं एकापाठोपाठ करायची आहेत आणि प्रत्येक दहापैकी नऊदा जमतं. ऐकायला छान वाटतं. पण पाचही एकाच फेरीत जमण्याची शक्यता शंभरात ५९ एवढीच. बाद फेरीच्या स्पर्धेत, जिथे एक सामना हरला की घरी, तिथे हा आकडा फारच कमी आहे. कामं कमी करा. लेगो लीगमध्ये मात्र तीन फेऱ्यांपैकी सर्वांत चांगली धरली जाते. तिथे निदान एकदा तरी सगळं जमण्याची शक्यता शंभरात ९३ वर जाते, म्हणून थोडा धोका पत्करणं शहाणपणाचं ठरतं. यात एक मेख आहे. चूक दर वेळी वेगळ्या कारणाने होत असेल तरच हे गणित लागू. सभागृहातल्या दिव्यांमुळे तुमचा कलर सेन्सर फसत असेल, तर तो तिन्ही फेऱ्यांत फसणार.

यातून डावपेचाचा एक साधा मसुदा तयार होतो:

1. खात्रीची कामं पहिल्या मिनिटात.
2. एकाच दिशेची कामं एका खेपेत बांधा, गुण कमी-जास्त असले तरी.
3. ज्या कामानंतर रोबोटला परत यावं लागत नाही, ते अगदी शेवटी.
4. प्रत्येक खेपेपुढे ‘हे बिघडलं तर काय’ हे एका ओळीत लिहून ठेवा. फेरी चालू असताना चर्चेला वेळ नसतो.

समोर प्रतिस्पर्धी असेल तर

रोबोकॉनसारख्या स्पर्धेत समोरचा संघ तुमचं काम बिघडवू शकतो. २०२२ मध्ये एबीयू रोबोकॉन नवी दिल्लीत झाली आणि खेळ होता आपली लगोरी. पाच लगोऱ्यांची उतरंड चेंडू मारून पाडायची, मग दुसऱ्या रोबोटने ती पुन्हा रचायची. आणि रचणाऱ्या रोबोटच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने नेम धरून पाडायचा. गल्लीत लगोरी खेळलेल्या प्रत्येकाला डावपेच लगेच कळेल: जोरात मारलं तर उतरंड पडते, पण लगोऱ्या लांब पांगतात आणि रचणाऱ्याची पळापळ होते. म्हणजे फेकणारा रोबोट किती ताकदीचा हवा, हे रचणारा किती चपळ आहे यावर ठरतं. दोन रोबोट दोन गटांनी वेगवेगळ्या खोल्यांत बनवायला घेतले तर हा विचार होतच नाही. तुमच्या संघात असे दोन गट असतील तर आठवड्यातून एकदा तरी दोन्ही रोबोट एकाच मैदानावर आणा, अर्धवट असले तरी.

सांगाडा साधा, चाकं आधी

रोबोटचा खालचा गाडा सरळ जात नसेल तर वरचा हात कितीही सुंदर असो, उपयोग नाही. पहिला आठवडा फक्त गाड्याला द्या.

*लेगो वापरणाऱ्यांसाठी.* अंतर सेकंदांत मोजू नका, चाकाच्या फेऱ्यांत मोजा. ‘दोन सेकंद पुढे’ असा प्रोग्राम बॅटरी भरलेली असताना एक अंतर जातो आणि उतरल्यावर दुसरंच. ५६ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ १७.६ सेंटिमीटर. ९० सेंटिमीटर जायचं तर ९० भागिले १७.६, म्हणजे सुमारे ५.११ फेऱ्या, म्हणजे १८४० अंशांच्या आसपास. हे सूत्र मुलांना वहीत मांडायला लावा. परीक्षक नेमकं हेच विचारतात. लांबच्या प्रवासानंतर रोबोटची पाठ किंवा तोंड मैदानाच्या भिंतीला टेकवून सरळ करून घ्या, साठलेली चूक तिथेच संपते. जायरो सेन्सर सुरू होताना रोबोट अगदी स्थिर असावा, नाहीतर कोन हळूहळू सरकत राहतो.

*अर्डुइनो वापरणाऱ्यांसाठी.* वेगाचा हिशेब करूनच मोटर घ्या. ७ सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत २२ सेंटिमीटर जातं. १०० आरपीएमला हा वेग सेकंदाला सुमारे ३७ सेंटिमीटर, ३०० आरपीएमला ११०. आता प्रोग्राममध्ये कुठे ५० मिलिसेकंदांचा ‘डिले’ टाकलेला असेल, तर ११० च्या वेगाने गाडी तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर आंधळी पुढे जाते. वळणावर रेघ सुटण्याचं हे नेहमीचं कारण. मुलं मात्र सेन्सर बदलत बसतात. आधी डिले काढा, मग वेग वाढवा.

आणखी काही नेहमीचे खड्डे:

- एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा, पण त्यात सुमारे २ व्होल्ट वाया जातात आणि एका बाजूने २ अँपिअरच्या पुढे तो टिकत नाही. जोरदार गिअर मोटर अडकली की त्याहून जास्त करंट ओढते. रोबो सॉकरसाठी मोठ्या क्षमतेचा ड्रायव्हर घ्या.
- बॅटरी, मोटर अशा जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ. उंच रोबोट ब्रेक लागला की डोलतो.
- जोडलेल्या तारांवर टेपचे थर नकोत. स्क्रूवाला कनेक्टर किंवा सोल्डरिंग. आणि प्रत्येक तारेवर नाव.
- अवजार बदलायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर त्याची जोडणीच बदला. वर दिलेल्या हिशेबात तीन बदलांना ३६ सेकंद गेले होते. ते १५ वर आणले तर २१ सेकंद मोकळे होतात. एवढ्यात एक अख्खं काम होतं.

ॲल्युमिनिअमचे चॅनल कापणं, भोकं पाडणं, लेथवर हब करून घेणं ही कामं साताऱ्या-पुण्याहून मागवू नका. अमरावतीत सातुर्णा, अकोल्यात शिवणीच्या एमआयडीसीतले कारागीर ती उत्तम करतात. मापं मिलिमीटरमध्ये लिहिलेलं चित्र सोबत न्या. तोंडी सांगितलेलं काम हमखास फसतं.

सराव: फ्लेक्स, ऊन आणि बॅटरी

मूळ मैदान विकत घेता येत नसेल तर फ्लेक्स छापणाऱ्याकडून सरावाचं मैदान छापून घ्या. लेगो लीगच्या टेबलाचं आतलं माप साधारण २३६ बाय ११४ सेंटिमीटर असतं; चटईचं नेमकं माप तुमच्या वर्षाच्या नियमावलीतून घ्या. मात्र चकचकीत फ्लेक्स घेऊ नका. त्यावर ट्यूबलाइटचा प्रकाश परततो आणि सेन्सर काळ्याला पांढरं समजतो. मॅट छपाई मागा, आणि छापल्यावर घडी न घालता गुंडाळी करूनच आणा. घडीच्या उंचवट्यावर चाक उडतं. लाइन फॉलोअरला पांढऱ्या शीटवर काळी इन्सुलेशन टेप चालते, पण तिची रुंदी स्पर्धेच्या रेघेएवढी आहे का ते पट्टीने मोजा.

एकाच खोलीत, एकाच वेळी सराव करणाऱ्या संघाची फजिती ठरलेली. सकाळी खिडकीपाशी, दुपारी पडदे ओढून, रात्री ट्यूबलाइटखाली असा सराव करा. प्रोग्राममध्येच सुरुवातीला काळा-पांढरा रंग मोजून घेण्याची सोय ठेवा.

बॅटरीबाबत हयगय नको. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते, सेलमागे ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. बॅलन्स चार्जरनेच चार्ज करा, रात्रभर लावून झोपू नका, आणि फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली बॅटरी धोकादायक ठरते. त्याच उन्हात ग्लू गनने चिकटवलेले जोडही सैल होतात, म्हणून भार सहन करणारा जोड नट-बोल्टचाच हवा.

प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवा: तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, कोणतं काम जमलं, कोणतं फसलं, का. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्पर्धेच्या आठवडाभर आधी सांगाडा बदलणं पूर्ण बंद.

परीक्षकांसमोर

लेगो लीगमध्ये टेबलावरच्या खेळाला एकूण मूल्यमापनात चौथा हिस्सा आहे. उरलेले तीन हिस्से रोबोटच्या रचनेला, संशोधन प्रकल्पाला आणि संघभावनेला. आपले संघ सगळा वेळ पहिल्या हिश्श्यावर घालवतात आणि प्रकल्प शेवटच्या रविवारी इंटरनेटवरून उतरवतात.

वऱ्हाडातल्या मुलांना विषय शोधत फिरावं लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, वरुड-मोर्शीच्या संत्र्याची फळगळ हे प्रश्न घरात जेवताना बोलले जातात. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शाळेच्या पत्रावर वेळ मागून मुलांना तिथल्या तज्ज्ञांना भेटवा. अर्थात त्या वर्षीच्या थीममध्ये विषय बसला पाहिजे. उत्तरं मुलांनी स्वतःच्या शब्दांत द्यावीत. इंग्रजी पाठांतरापेक्षा ‘आम्ही हे तीनदा बदललं, कारण…’ असं सांगणाऱ्या मुलांचं काम परीक्षकांना लगेच कळतं. मराठी किंवा हिंदीत बोलता येईल का, हे आयोजकांना आधीच विचारा.

प्रवास आणि स्पर्धेचा दिवस

राष्ट्रीय फेऱ्या बहुधा मुंबई, पुणे, दिल्लीकडे असतात. पेटी अशी करा की अंबा एक्स्प्रेसच्या बर्थखाली मावेल. विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमधल्या बॅगेत न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. सोबत असू द्या: दुसरी भरलेली बॅटरी, एक जादा मोटर, तारा, स्क्रू, एक्स्टेन्शन बोर्ड, नियमावलीची छापील प्रत आणि प्रोग्रामची पेन ड्राइव्हवरची प्रत. मुली संघात असतील तर सोबत शिक्षिका किंवा महिला पालक असल्याची खात्री शाळेने आधीच करावी.

तुमचे हक्क

- गुणपत्रिका पाहण्याचा हक्क. लेगो लीगमध्ये फेरी संपल्यावर पंच मुलांसोबत टेबलावरचं एकेक काम तपासतो. शंका असेल तर त्याच वेळी, नम्रपणे, मुलांनीच विचारावं. एकदा मान्य केलं की आकडा पक्का. अगदी सीमारेषेवरचं असेल तर संशयाचा फायदा संघाला देण्याची तिथे रीत आहे. कोचने मध्ये पडून वाद घातल्यास संघाचंच नुकसान होतं.
- शुल्काचा हिशेब मागण्याचा हक्क. ‘तुमच्या मुलाची आंतरराष्ट्रीय फेरीसाठी निवड झाली, अमुक रक्कम भरा’ असे मेल पालकांना येतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: आयोजक संस्था कोण, निवड कोणत्या फेरीच्या कोणत्या गुणांवर झाली, आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.
- सदोष सामानाविरुद्ध दाद. किटचं बिल नावानिशी घ्या. दुकानदार किंवा कंपनी बदलून देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.
- शाळेतल्या लॅबचा वापर. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि ती लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. तुमच्या शाळेत ती असेल आणि कुलूपबंद असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी अर्ज देऊन वेळापत्रक मागा.

आणि ज्या मुख्याध्यापकांकडे अशी लॅब चालू आहे, त्यांना एक विनंती. शनिवारी दुपारी दोन तास ती शेजारच्या जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांच्या मुलांसाठी उघडा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूरकडच्या मुलांना हिशेब येतो, हातही चालतो. त्यांना फक्त बसायला टेबल आणि एक चालू संगणक हवा आहे.